तुमच्याकडची शिवराई महाराजांच्या काळातली आहे का? ठसा काय सांगतो

आजचा भाग तांब्याच्या एका लहानशा चकतीबद्दल आहे. सातारा-सांगली पट्ट्यात ती बऱ्याच घरांत सापडते. कुणाच्या देव्हाऱ्यात टाकाच्या शेजारी असते, कुणाच्या आजीच्या डब्यात असते, तर कुणाला शेत नांगरताना मिळालेली असते. एका बाजूला तीन ओळी, ‘श्री राजा शिव’. दुसऱ्या बाजूला दोन ओळी, ‘छत्रपति’. बरोबर, शिवराई.

ती हातात घेतली की प्रत्येकाच्या मनात एकच प्रश्न येतो: ही महाराजांच्या काळातली आहे का? बाजारात आणि मोबाईलवरच्या जाहिरातींत याचं उत्तर ठरलेलं असतं. ‘शिवकालीन, शंभर टक्के ओरिजिनल.’ नाव महाराजांचं आहे, म्हणजे नाणं महाराजांचं. विषय संपला.

विषय तिथं संपत नाही. नाण्यावरचं नाव एक गोष्ट सांगतं आणि ते नाव ज्या ठशातून उमटलं तो ठसा दुसरीच गोष्ट सांगतो. आज आपण हा ठसा वाचायला शिकणार आहोत. एक भिंग, एक छोटा वजनकाटा आणि फोनचा कॅमेरा एवढ्यावर काम भागतं.

आधी साधं गणित

६ जून १६७४ रोजी रायगडावर राज्याभिषेक झाला. महाराज छत्रपती झाले, सोन्याचे होन आणि तांब्याच्या शिवराया पाडल्या जाऊ लागल्या. ३ एप्रिल १६८० रोजी महाराजांचं निधन झालं. म्हणजे ‘राजा शिव छत्रपति’ हे शब्द असलेलं नाणं खुद्द महाराजांच्या हयातीत पडायला मिळालेला काळ किती? सहा वर्षंसुद्धा पूर्ण नाहीत.

आता दुसरं टोक बघा. याच मजकुराच्या शिवराया पुढं कधीपर्यंत पडत राहिल्या? पेशवाई संपली १८१८ मध्ये. त्यानंतरही त्या पडत होत्या. काही उशिराच्या शिवरायांवर फसली सनाचे आकडे आहेत, बाराशे तीस-चाळीसच्या आसपासचे. दख्खनच्या फसली सनात साधारण ५९० मिळवले की इसवी सन येतो. म्हणजे हे आकडे १८२० ते १८३०च्या दशकांतले झाले. तेव्हा पुण्यात इंग्रजांचा अंमल होता!

तर १६७४ ते साधारण १८३०, म्हणजे दीडशेहून जास्त वर्षं. त्यातली महाराजांची सहा. दरवर्षी सारखीच नाणी पडली असं क्षणभर धरलं, तरी शंभर शिवरायांपैकी महाराजांच्या हयातीतल्या चारच निघतील. प्रत्यक्षात उत्पादन सारखं नव्हतं. अठराव्या शतकात राज्य पसरलं, बाजार वाढले, टांकसाळी वाढल्या, आणि पैसेही जास्त पाडले गेले. त्यामुळं चार हा आकडासुद्धा सढळ हाताचाच म्हणायचा.

मग ही चार आणि बाकीची शहाण्णव वेगळी करायची कशी? मजकूर तोच आहे, आणि बहुतेकांवर सन नाही, टांकसाळीचं नाव नाही. उरतो फक्त ठसा.

ठसा म्हणजे नक्की काय

यंत्र येण्याआधी नाणं पाडायची पद्धत अशी होती. लोखंडाचे किंवा पोलादाचे दोन ठसे असायचे. खालचा ठसा लाकडाच्या ओंडक्यात किंवा ऐरणीत घट्ट बसवलेला, वरचा हातात धरायचा. मधे तांब्याची चकती ठेवायची आणि वरून घण मारायचा. एका घावात दोन्ही बाजू उमटायच्या. आपण आजही ‘नाणं पाडलं’ म्हणतो ते यावरूनच.

ठसा हातानं कोरलेला असायचा, आणि उलटा कोरावा लागायचा, आरशात दिसतो तसा. कोरणाऱ्याला ‘श्री’ उलटी काढायची, ‘त्र’ उलटा काढायचा, आणि हे सगळं अंगठ्याच्या पेरापेक्षा थोड्या मोठ्या जागेत. त्याला लिहिता-वाचता येत असेलच असं नाही. समोर जुना नमुना ठेवून तो अक्षरं चित्रासारखी उतरवायचा. म्हणून तर शिवराईवर ‘शिव’ कुठं ऱ्हस्व दिसतं, कुठं दीर्घ होऊन ‘शीव’ होतं, कुठं थेट ‘सिव’. ‘पति’ कुठं ‘पती’ होतं. कुठं एखादी वेलांटी उलट्या बाजूला गेलेली असते.

हे बघून शुद्धलेखनाच्या चुका म्हणून हसू नका. अभ्यासकाच्या दृष्टीनं हेच सोनं आहे. कारण हातानं कोरलेले दोन ठसे कधीच तंतोतंत सारखे होत नाहीत. प्रत्येक ठशाला स्वतःचं वळण असतं, जसं प्रत्येकाच्या सहीला असतं.

अशा ठशातून साधारण काही हजार ते काही दहा हजार नाणी निघतात, असा अंदाज अभ्यासक धरतात. मग ठसा झिजतो, तडकतो किंवा फुटतो, आणि नवा कोरावा लागतो. वरचा ठसा घणाचा मार थेट खातो, त्यामुळं तो लवकर जातो. खालचा जास्त टिकतो. हे लक्षात ठेवा, पुढं उपयोगी पडणार आहे.

कॅनडातला एक सेंट

ठशांचे प्रकार ओळखणं हा छंद जगभर आहे. त्यातलं एक उदाहरण मुद्दाम सांगतो, कारण त्याच्याशेजारी ठेवली की आपली शिवराई जास्त चांगली कळते.

१८५८ मध्ये तेव्हाच्या प्रॉव्हिन्स ऑफ कॅनडानं आपली पहिली दशमान नाणी काढली. त्यातला सेंट लंडनच्या रॉयल मिंटमध्ये वाफेच्या यंत्रावर पडला. १८५८ सालाचे ४ लाख २१ हजार, आणि १८५९ सालाचे ९५ लाख ७९ हजार. बेरीज करून बघा, बरोबर एक कोटी. नाणं इतकं मोजून-मापून केलेलं होतं की त्याचा व्यास बरोबर एक इंच आणि शंभर सेंटचं वजन एक पौंड.

आता इतकं काटेकोर काम, तर सगळे सेंट सारखेच असायला हवेत ना? नाहीत. मूळ चित्राचा एक पक्का ठसा करून त्यावरून कामाचे ठसे काढले जायचे, म्हणून राणी व्हिक्टोरियाचा चेहरा सगळीकडं जवळपास तोच. पण सालाचा आकडा ठशावर वेगळा ठोकला जायचा. १८५८ चे ठसे शिल्लक होते, ते वाया कशाला घालवायचे? कारागिरानं शेवटच्या ८ वर ९ ठोकला आणि काम पुढं चालू ठेवलं. त्या ९ च्या पोटात आजही जुना ८ डोकावतो. काही ठशांवर ९ दोनदा ठोकला गेला, थोडा सरकून. कॅनडातले नाणेसंग्राहक १८५९ चा सेंट भिंगाखाली धरून हे सगळं शोधत बसतात.

पण फरक बघा. कॅनडाच्या सेंटवर साल छापलंय. किती पाडले, कुठं पाडले, कुणी मागवले, याची नोंद लंडनच्या कागदांत आहे. ठशाचा अभ्यास त्या नोंदीला दिलेली एक बारीक तळटीप आहे. शिवराईच्या बाबतीत कागद तुटक आहेत. म्हणजे आपल्याकडं ठसा हीच मुख्य नोंद. प्रोग्रामरच्या भाषेत सांगायचं तर डॉक्युमेंटेशन हरवलंय आणि हातात फक्त चालू कोड आहे. कोड वाचूनच शोधायचं, कुणी लिहिला आणि कधी लिहिला.

नाव तेच, राजे वेगळे

शिवराईचं कोडं अवघड होण्याचं आणखी एक कारण आहे. ‘राजा शिव छत्रपति’ म्हणजे नेमका कोणता शिव?

संभाजीराजांच्या नाण्यांवर ‘शंभू’ आहे, शाहू महाराजांच्या नावाची ‘शाहू’ लिहिलेली नाणी आहेत, ‘राजाराम’ लिहिलेली आहेत. ही सगळी शिवराईपेक्षा खूपच कमी दिसतात. पण १७०० मध्ये राजाराम महाराज गेल्यावर ताराबाईंनी ज्यांना गादीवर बसवलं, त्या त्यांच्या मुलाचं नावही शिवाजीच. पुढं कोल्हापूरच्या गादीवर १७६२ ते १८१३ अशी पन्नासेक वर्षं जे छत्रपती होते त्यांचं नावही शिवाजी. तिकडं साताऱ्यात १७०८ मध्ये शाहू महाराजांचा राज्याभिषेक झाला आणि सातारा राजधानी झाली, तरी बाजारात ओळखीचा पैसा राहिला तो ‘शिव’ नावाचाच.

त्यात टांकसाळी एकट्या सरकारच्या नव्हत्या. पेशवाईत पैसे पाडण्याचा परवाना सावकार-सोनारांना मिळायचा. १७४४ मध्ये नागोठाण्याला असा तीन वर्षांचा परवाना दिल्याची नोंद आहे, त्यात पैसा दहा मासे वजनाचा असावा अशी अट होती. दहा मासे म्हणजे आजच्या मापानं साडेनऊ-पावणेदहा ग्रॅम. मक्तेदार बदलला की कारागीर बदलायचा, कारागीर बदलला की अक्षराचं वळण बदलायचं, मजकूर मात्र जागच्या जागी.

असं का? ज्याची सत्ता त्याचं नाव नाण्यावर, हा तर जगाचा नियम. मग दीडशे वर्षं हे नाव कुणी बदललं का नाही?

याचं उत्तर बाजारात आहे. त्या काळी नाणं घेताना लोक ते वाजवून बघायचे, तोलून बघायचे. गावात पोतदार असायचा, खरं-खोटं नाणं पारखणं हे त्याचं वतनाचं काम. तुमच्या वर्गात कुणी पोतदार आडनावाचा असेल तर त्याच्या पणजोबांच्या पणजोबांचा धंदा हा. ‘खणखणीत नाणं’ हा शब्द आपण माणसाबद्दल वापरतो तो याच पारखण्यातून आला. अनोळखी नाणं दिसलं की सराफ बट्टा कापायचा, म्हणजे कमी भाव द्यायचा. ओळखीचं नाणं मात्र पूर्ण भावानं चालायचं. तांब्याचा पैसा कुणाच्या हातात असायचा? आठवडी बाजारात मीठ-मिरची घेणाऱ्याच्या, मजुरी घेणाऱ्याच्या. त्याला बट्टा परवडणारा नव्हता. त्यामुळं नवीन छाप काढून लोकांच्या मनात शंका आणण्यात कुणाचाच फायदा नव्हता.

महाराजांना हे पक्कं ठाऊक होतं. १६७४ मध्ये राज्याभिषेकाच्या वेळी इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन रायगडावर आला होता. कंपनीचं नाणं स्वराज्यात चालावं अशी त्यांची एक मागणी होती. महाराजांचं म्हणणं असं पडलं की आम्ही कुठलंच नाणं बंद केलेलं नाही, पण ज्यात रयतेचं नुकसान होईल ते नाणं घ्या अशी सक्तीही करणार नाही. तुमचं नाणं कसाला उतरलं तर ते आपोआप चालेल. नाणं राजाच्या हुकमानं चालत नाही, घेणाऱ्याच्या विश्वासानं चालतं. हे त्या उत्तरात आहे.

जगात याची दुसरी उदाहरणं आहेत. ऑस्ट्रियाची राणी मारिया थेरेसा १७८० मध्ये वारली, पण तिच्या चेहऱ्याचा चांदीचा थेलर १७८० हेच साल टाकून पुढं कित्येक दशकं पाडला गेला, कारण अरबस्तान आणि पूर्व आफ्रिकेतले व्यापारी तोच ओळखत होते. आपल्याकडं ईस्ट इंडिया कंपनी १८३५ पर्यंत दिल्लीच्या बादशहाच्या नावाचे रुपये पाडत होती.

आता एक मजा बघा. पेशवाईतले चांदीचे रुपयेसुद्धा बहुतेक दिल्लीच्या बादशहाच्याच नावाचे. पुण्याचा अंकुशी रुपया घ्या, त्यावर फारसी मजकूर. म्हणजे सारा भरायचा, फौजेचा पगार करायचा, हुंडी वटवायची, ती बादशहाच्या नावाच्या चांदीत. आणि गरिबाच्या कनवटीला जे तांबं होतं, त्यावर शिवाजी महाराजांचं नाव. दीडशे वर्षं.

ठसा ओळखायचा कसा

चला, आता हात कामाला लावू. शिवराई समोर आहे. काय बघायचं?

सगळ्यात आधी, ती घासू नका. चिंच-मीठ लावून चकचकीत केलेली शिवराई म्हणजे पुरावा पुसून टाकल्यासारखं. तांब्यावरचा हिरवट-काळपट थर ही तिच्या वयाची खूण आहे आणि बारीक रेषाही त्या थराखालीच जपलेल्या असतात.

मग वजन करा, दोन दशांश स्थळांपर्यंत. पूर्ण शिवराई बहुधा ८ ते १३ ग्रॅमच्या आसपास भरते. जुन्या काळातल्या साधारण जड, नंतरच्या हलक्या, असा कल दिसतो. अर्धी शिवराईही असते, ती वेगळी ठेवा. एकट्या वजनावर निकाल देऊ नका, कारण झिजलेलं जुनं आणि न झिजलेलं नवं एकाच वजनाचं असू शकतं.

आता मांडणी बघा. ओळींच्या मधे दोन आडव्या रेघा दिसतात का? असतील तर ती दुदांडी शिवराई. दुदांडी म्हणजे दोन दांड्यांची. हा प्रकार उशिराचा, पेशवाईच्या शेवटापासून पुढचा. मघाशी सांगितलेले फसली आकडे याच कुळातल्या काही नाण्यांवर येतात. म्हणजे या एका तपासणीतच बऱ्याच ‘शिवकालीन’ जाहिरातींचा निकाल लागतो. भोवती ठिपक्यांचं कडं आहे का, चंद्रकोर किंवा पानाफुलासारखी एखादी जादा खूण आहे का, हेही टिपून ठेवा.

त्यानंतर अक्षरं. ‘शिव’ ऱ्हस्व की दीर्घ, ‘श’ की ‘स’. ‘पति’ची वेलांटी कुठं आहे. ‘छ’ कसा वळवलाय. इथवर झालं म्हणजे नाणं कोणत्या प्रकारातलं ते कळतं. प्रकार कळला म्हणजे ठसा कळला असं मात्र नाही. एकाच प्रकारात शेकडो ठसे असू शकतात.

ठशापर्यंत पोचायचं तर अक्षरांचं एकमेकांशी नातं बघायचं. ‘राजा’मधल्या ‘जा’चा काना खाली नेला तर तो ‘शिव’च्या कोणत्या भागावर पडतो? ‘श्री’च्या टोकापासून कडेचा ठिपका किती अंतरावर? दोन नाण्यांवर अशी पाच-सहा अंतरं तंतोतंत जुळली की ती एका ठशातली. फोनमधल्या कुठल्याही फोटो एडिटरमध्ये एका फोटोवर दुसरा अर्धपारदर्शक करून ठेवला तरी हे दिसतं. फक्त दोन्ही फोटो बरोबर वरून घ्या, आणि उजेड एका बाजूनं तिरका येऊ द्या. फ्लॅश नको, त्यानं उठाव सपाट होतो.

बऱ्याचदा ठसा चकतीपेक्षा मोठा असायचा, किंवा घाव तिरका बसायचा, त्यामुळं एका नाण्यावर अर्धाच मजकूर येतो. अशा वेळी एकाच ठशातली पाच-सहा नाणी शेजारी ठेवली की कुणावर डावी बाजू, कुणावर उजवी, असं करत पूर्ण ठसा उभा राहतो. फोनवर पॅनोरमा जोडला जातो तसा.

एक नियम मात्र पाठ करा. जी खूण दोन नाण्यांवर एकाच जागी दिसते ती ठशातली. जी एकाच नाण्यावर दिसते ती घावाची, झिजेची किंवा नंतर बसलेल्या माराची. दुहेरी अक्षर दिसलं की लोक लगेच ‘रेअर व्हरायटी’ म्हणून भाव वाढवतात. बहुतेक वेळा चकती पहिल्या घावानंतर हललेली असते आणि दुसरा घाव सरकून बसलेला असतो. ती एका नाण्याची गंमत झाली, त्याला ठशाचा प्रकार म्हणता येत नाही.

तडा गेलेला ठसा म्हणजे कॅलेंडर

आता सगळ्यात सुंदर भाग. ठशाला तडा गेला की नाण्यावर त्या जागी उठावदार रेघ येते. का? कारण तड्याच्या फटीत तांबं शिरतं. ही रेघ पुढच्या प्रत्येक नाण्यावर येते आणि वाढत जाते. म्हणजे एकाच ठशातली तीन नाणी असतील, एक बिनरेघेचं, एक बारीक रेघेचं, एक जाड रेघेचं, तर ती कोणत्या क्रमानं पडली ते आपण सांगू शकतो.

याला जोडा मघाची गोष्ट: वरचा ठसा लवकर जातो, खालचा टिकतो. म्हणजे एकाच खालच्या ठशाबरोबर एकामागून एक असे दोन-तीन वरचे ठसे वापरले जातात. समजा एका नाण्याची ‘छत्रपति’ बाजू आणि दुसऱ्याची ‘छत्रपति’ बाजू एकाच ठशातली निघाली, पण ‘श्री राजा शिव’ बाजू वेगवेगळ्या ठशांतल्या. तर ही दोन्ही नाणी एकाच टांकसाळीत, जवळपास एकाच सुमारास पडली. अशी एकाला एक कडी जोडत गेलं की साखळी तयार होते. त्या साखळीतलं एक जरी नाणं तारखेचं निघालं, किंवा तारीख ठाऊक असलेल्या साठ्यात सापडलं, तर अख्ख्या साखळीला काळ मिळतो.

आणि इथंच सातारा-सांगलीचं महत्त्व येतं. आज हे दोन जिल्हे आहेत, पण १९४९ पर्यंत वाळवा, तासगाव, खानापूर हे तालुके सातारा जिल्ह्यातच होते. मग दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली पडलं. कृष्णाकाठचे बाजार तर त्याच्याही आधीपासून एकमेकांत गुंतलेले. छत्रपतींची गादी साताऱ्यात, पटवर्धनांची संस्थानं मिरज-सांगलीला, कोल्हापूरची गादी शेजारी. या तिघांच्या मधल्या बाजारात जो पैसा फिरला तो नक्की कुठं पडत होता, हे इथल्या घराघरांतल्या डब्यांतली नाणी एकत्र बघितली तरच कळणार.

सगळंच जुळलं तर सावध

आता फसवणुकीबद्दल, कारण यात लोकांचे खरे पैसे जातात.

समजा विक्रेत्यानं दोन शिवराया दाखवल्या. ठसा एकच. छान. मग बघा, मजकूर दोन्हीवर सारखाच एका बाजूला सरकलाय का? चकतीच्या कडेचा खड्डा दोन्हीवर एकाच जागी आहे का? झीजसुद्धा त्याच अक्षरावर तेवढीच आहे का? असेल तर दोन्ही खाली ठेवा आणि नमस्कार करून निघा.

कारण हातानं पाडलेल्या नाण्यात ठसा एक असला तरी चकती वेगळी, घाव वेगळा. कुठं थोडं डावीकडं, कुठं वर. आणि झीज तर प्रत्येक नाण्याच्या आयुष्याप्रमाणं वेगळीच. ठसा जुळला तर ती भावंडं. पण खड्डे, घाव, झीज सगळंच जुळलं तर ती एका साच्यात ओतलेली नक्कल. कुणीतरी एक खरी शिवराई घेऊन तिचा साचा केला, आणि त्या शिवराईचे खड्डेसुद्धा प्रत्येक नकलेत उतरले. त्याशिवाय ओतीव नाण्याच्या कडेला जोडाची रेघ दिसू शकते, पृष्ठभागावर हवेच्या बुडबुड्यांची बारीक छिद्रं दिसतात, अक्षरांच्या कडा मऊ असतात. सोन्याच्या होनाबाबत तर दुप्पट सावध राहा, तिथं नकलांचा मोह मोठा आहे.

आणि एक कायद्याची गोष्ट. जमिनीत पुरलेलं धन सापडलं आणि त्याची किंमत दहा रुपयांहून जास्त असली, तर १८७८ च्या ट्रेझर ट्रोव्ह कायद्यानुसार ते जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. शंभर वर्षांहून जुनं नाणं परवानगीशिवाय देशाबाहेर पाठवायला १९७२ च्या पुरावशेष कायद्यानं बंदी आहे. कायद्याची भीती बाजूला ठेवली तरी नुकसान कुणाचं ते बघा. एका गाडग्यात तीनशे शिवराया सापडल्या आणि रातोरात दहा गिऱ्हाइकांना विकल्या गेल्या, की ठशांची साखळी तुटली. ती पुन्हा कधीच जोडता येत नाही. तांबटाकडं वितळायला गेलेल्या गाडग्यांबद्दल तर बोलायलाच नको.

मग आपल्या शिवराईचं काय?

शिवराईवर पद्धतशीर काम झालेलं आहे. केन विगिन्स आणि के. के. माहेश्वरी यांचं ‘मराठा मिंट्स अँड कॉइनेज’ हे पुस्तक १९८९ मध्ये नाशिकजवळच्या अंजनेरीच्या नाणेशास्त्र संशोधन संस्थेनं काढलं, आणि या विषयात शिरणारा आजही तिथूनच सुरुवात करतो. पण घरोघरच्या नाण्यांचे चांगले फोटो, वजन आणि सापडल्याचं गाव एकत्र ठेवलेलं असेल तर ठसे जुळवण्याचं काम आता संगणक करू शकतो. ग्रीक आणि रोमन नाण्यांवर परदेशात असे प्रयोग झालेत. तिथं जे हजार-दोन हजार फोटोंवर होतं, ते शिवराईवर का होऊ नये? शिवराया तर आपल्याकडं पोत्यानं आहेत. त्यांचे नीट काढलेले फोटो मात्र नाहीत.

म्हणून एवढंच करा. घरातली शिवराई बाहेर काढा. दोन्ही बाजूंचे फोटो, शेजारी मोजपट्टी. वजन. घरात ती कुठून आली ते आजीला विचारून लिहून ठेवा. मग विकायची असेल तर विका, देव्हाऱ्यात ठेवायची असेल तर ठेवा. ती माहिती मात्र राहू द्या.

आणि समजा, सगळं तपासल्यावर निघालं की तुमची शिवराई दुदांडी आहे, १८२५ च्या आसपासची आहे. वाईट वाटेल का? थोडं वाटेल, साहजिक आहे. पण मग त्या काळाकडं एकदा बघा. महाराज जाऊन जवळपास दीडशे वर्षं झालीत. पेशवाई बुडालीय. साताऱ्याच्या गादीवर प्रतापसिंह महाराज आहेत, पण कारभारावर इंग्रज रेसिडेंटची नजर आहे. आणि कुठल्यातरी टांकसाळीत एक कारागीर, ज्याला कदाचित अक्षरओळखही नाही, लोखंडावर उलटं ‘शिव’ कोरत बसलाय. त्याला तसा हुकूम कुणी दिला असेल-नसेल. पण दुसरं काही कोरलं तर बाजारात पैसा चालणार नाही, हे त्याला ठाऊक आहे.

महाराजांच्या हयातीतली शिवराई सांगते की महाराजांनी नाणं पाडलं. १८२५ ची शिवराई सांगते की लोकांनी ते सोडलं नाही. यातली कुठली तुमच्या डब्यात आहे, ते ठसा बघून ठरवा.

पुढच्या भागात अंकुशी रुपयाबद्दल बोलू. तोपर्यंत नाणी घासू नका, फोटो काढा. भेटू!